तारपा गप्प असतो तेव्हा

मे महिन्यातली दुपार. एका कार्यक्रमासाठी मोठा मांडव घातला होता आणि पाहुण्यांच्या स्वागताला तारपा नाच ठेवला होता. डहाणूच्या आतल्या भागातून आलेलं वारल्यांचं पथक मांडवामागच्या चिंचेखाली बसून होतं. तारपकरी बाबा सत्तरीच्या पुढचे. तारपा मांडीवर आडवा घेऊन ते त्याच्या सांध्यांवरून पुन्हापुन्हा अंगठा फिरवत होते. भोपळ्यात नळ्या बसवतात तिथलं मेण उन्हानं मऊ पडलं होतं. दाबलं की बसे, हात काढला की सुटे. फुंकून बघितलं तर सुराच्या आधी हवेचा फिसकारा बाहेर पडे. मी विचारलं, "बाबा, ओलं फडकं आणू का?" बाबा म्हणाले, "फडक्यानं काय होणार? हे वाजवायचे दिवसच नाहीत. मेणालाही कळतंय ते."

तासाभरानं पथकाचं नाव पुकारलं. सात मिनिटं नाच झाला, टाळ्या पडल्या, पुढचा कार्यक्रम सुरू झाला. बाबांनी वाजवलं आणि चांगलं वाजवलं. पण त्यांचं ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. आदिवासी नाचांविषयी आपण बोलतो तेव्हा पावलांविषयी बोलतो, पोशाखाविषयी, वाद्यांविषयी बोलतो. हे नाच टिकवायचे कसे, म्हणजे ही पावलं पुढच्या पिढीला शिकवायची कशी, एवढाच आपला प्रश्न असतो. माझं म्हणणं असं आहे की पावलं फार चिवट असतात, ती सहजासहजी मरत नाहीत. आधी मरतो तो त्यांचा काळ. तारपा कधी वाजवायचा याइतकाच तो कधी वाजवायचा नाही यालाही वारल्यांच्या जगण्यात अर्थ आहे. आणि त्याचा हा गप्प राहण्याचा काळ आपण सगळे मिळून, अगदी प्रेमानं आणि कौतुकानं, काढून घेत चाललो आहोत.

तारपा कशाचा बनतो ते पाहिलं तरी हे ध्यानात येतं. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, आणि हे सगळं एकमेकांना धरून ठेवणारं मधमाश्यांचं मेण. यातलं काही दुकानातून येत नाही आणि वाटेल त्या महिन्यात मिळत नाही. भोपळ्याचा वेल पावसात घराच्या कुडावर चढतो. फळ वेलावरच जून व्हावं लागतं, मग ते वाळवायचं, कोरायचं, आतला गर आणि बिया काढायच्या. मेण रानातल्या पोळ्याचं. कर्ण्याची ताडपानं एकावर एक गुंडाळत न्यायची, म्हणजे तोंडाशी तो रुंद होत जातो आणि आवाज लांबवर पोचतो. वाजवणारा मधे श्वासासाठी थांबत नाही. गालात हवा धरून तो नाकानं श्वास घेत राहतो, सूर तुटत नाही. रात्री डोंगराच्या एका अंगाला वाजणारा तारपा पलीकडच्या पाड्यावर ऐकू येतो आणि तिथली पोरं काठ्या, बॅटऱ्या घेऊन निघतात.

तारपकरी मधोमध उभा राहतो. बाया-माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी धरतात. साखळीच्या पुढच्या टोकाला घुंगरकाठी घेतलेला गडी असतो, तो काठी जमिनीवर आपटून ताल देतो आणि रांग ओढत नेतो. मग ती साखळी तारपकऱ्याभोवती वेटोळं घालू लागते. तारप्याकडे पाठ करायची नाही, ही रीत. तोंड आत, तारप्याकडे. चाल बदलायची ती तारपकऱ्याच्या बोटांनी. मोराची चाल लागली की अंग एका तऱ्हेनं झुलतं, दुसरी लागली की पावलं झपाझप पडतात. कोणी कोणाला "आता बदला" असं सांगत नाही. आपल्या शहरी डोळ्याला हे एकसारखं, कंटाळवाणं वाटू शकतं. मलाही पहिल्या रात्री तासाभरानं तसं वाटलं होतं. दुसऱ्या तासाला मी साखळीत होतो, आणि तेव्हा समजलं की हा नाच बाहेरून बघण्यासाठी रचलेलाच नाही. त्याला बाहेर अशी बाजूच नाही.

आता त्याच्या काळाविषयी. पालघर जिल्ह्याच्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या पट्ट्यात शेती म्हणजे पावसावरचं भात, आणि उतारावर नागली, वरई. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या टाकून राब भाजायचा, मृगात पेरायचं, रोप हातभर झालं की चिखल करून आवणी करायची, मग बेणणी, म्हणजे तण काढणं. हळवं भात तीन-साडेतीन महिन्यांत हाताशी येतं, गरव्याला साडेचार-पाच महिने लागतात. हळवं पिवळं पडू लागतं ते भाद्रपद सरताना आणि गरवं खळ्यावर येतं ते दिवाळीच्या पुढेमागे. तारप्याचे दिवस साधारण या दोहोंच्या मधले. भात निसवायला लागलं की आढ्याला टांगलेला तारपा खाली उतरतो आणि दिवाळी झाली की पुन्हा वर जातो. गावागणिक थोडा फरक असतो. पण आवणीत, भर आषाढात तारपा वाजला असं जुन्या माणसाला सांगितलं तर तो चमकून बघतो.

या दिवसांच्या आधी काय असतं ते सांगितल्याशिवाय हा नाच कळणार नाही. आधी असते भूक. श्रावण-भाद्रपदात गेल्या वर्षीचं भात संपलेलं असतं. शेतात काम सगळ्यात जास्त आणि घरात दाणा सगळ्यात कमी, असे ते दोन महिने. या काळात रानातल्या भाज्या आणि कंद पोट धरतात. कडूकंद चिरून, शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढायचा आणि मग खायचा. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा शहरातल्या वाचकाला पहिल्यांदा कळलं की हिरवागार पावसाळा हाच इथला उपासमारीचा हंगाम आहे. त्या भुकेच्या पलीकडच्या काठावर हळवं भात उभं असतं. ते कापून आणल्यावरही लगेच तोंडात घालायचं नाही. नवं आधी देवाला, पूर्वजांना द्यायचं, मग आपण खायचं. पावसाळ्यातल्या पहिल्या कोळीच्या भाजीलाही हाच नियम. भुकेल्या घरानं अन्न समोर असताना थांबायचं आणि आधी दुसऱ्याला द्यायचं, यात केवढा निग्रह आहे! वारल्यांची कणसरी ही धान्याची देवी आहे, तिची कथा भगत घांगळी या वाद्यावर रात्र रात्र सांगतो. धरतरी, कणसरी, गावतरी, म्हणजे जमीन, धान्य आणि गाय अशा या तिघी. नारनदेव पावसाचा. वाघबारशीला वाघाला नैवेद्य. तारपा या सगळ्याच्या मधोमध वाजतो.

म्हणून हा नाच "कापणीचा आनंद साजरा करण्यासाठी" केला जातो असं जे छापील वाक्य माहितीपत्रकांत असतं, ते मला अपुरं वाटतं. आनंद आहेच. पण तो कापणी झाल्यानंतरचा निवांत आनंद नव्हे. गरवं अजून शेतात उभं असतं, परतीचा पाऊस डोक्यावर असतो, रानडुकरं रोज रात्री बांध ओलांडतात. हातात थोडं आलेलं आहे आणि पुष्कळ यायचं आहे, अशा मधल्या दिवसांचा हा नाच आहे. त्यात सुटका आहे आणि धाकधूकही आहे. दिवसा कापणी आणि रात्री नाच. शिवाय आवणीत जे एकमेकांच्या शेतावर राबले, चिखलात ज्यांची एका आडव्या रांगेत पाठ वाकली, तीच माणसं आता एकमेकांच्या कमरेत हात घालून दुसरी रांग धरतात. गावात कोणाचं कोणाशी बिनसलं असेल तर ते साखळीत दिसतं. कोण कोणाशेजारी उभं राहायचं टाळतं, हे बायांच्या नजरेतून सुटत नाही. तरण्या पोरापोरींचं जमतं तेही इथेच.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की आपल्याकडे पाटावर हत्ती काढून भोंडला सुरू होतो. तो कोणी मे महिन्यात खेळत नाही. खेळायला बंदी नाही, पण खेळावासा वाटत नाही, आणि हे न वाटणं हीच त्या खेळाची ताकद आहे. वर्षभर ती गाणी कुठेतरी आत मुरत असतात म्हणून अश्विनात ती आपोआप ओठावर येतात. महाराष्ट्रातल्या इतर आदिवासींकडे पाहा. नंदुरबारच्या सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, होळीच्या आधी बावा-बुध्या होणारे गडी नवस पाळतात. जमिनीवर झोपतात, चप्पल घालत नाहीत, व्रतस्थ राहतात आणि मग कमरेला भोपळे, घुंगरं नि डोक्याला मोरपिसांचा टोप बांधून होळीभोवती नाचतात. गडचिरोलीतले माडिया गोंड सणाला पंडुम म्हणतात. पेरणीपूर्वीचा विज्जा पंडुम हा बियाण्याचा सण, तसा आंब्याचा वेगळा, आणि त्या त्या पंडुमाआधी ती ती गोष्ट वापरायची नाही. सगळीकडे घडण एकच: आधी बंधन, मग मोकळीक. नाच हा या जोडीचा दुसरा अर्धा भाग आहे. आपण तेवढाच उचलून व्यासपीठावर ठेवतो आणि पहिला अर्धा तिथेच शेतात पडून राहतो.

व्यासपीठानं नाचाचं काय होतं ते एकदा मांडवाच्या कडेला उभं राहून बघावं. प्रेक्षक एका बाजूला बसतात, त्यामुळे वेटोळं मोडावं लागतं. निम्म्या नाचणाऱ्यांची पाठ पाहुण्यांकडे येते, ते बरं दिसत नाही, म्हणून साखळी उघडून अर्धगोल केला जातो. तारपकऱ्याला मधून काढून माइकपाशी कडेला नेतात. आता नाचणारे पाहुण्यांकडे बघत असतात आणि तारप्याकडे पाठ होते. जी एकमेव गोष्ट करायची नाही असं या नाचात ठरलेलं आहे, नेमकी तीच करावी लागते. नृत्य बसवणाऱ्यांचा यात वाईट हेतू नसतो. मंचाची रचनाच तशी आहे. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं दिल्लीत लोकनृत्यांचे मेळे भरू लागले, तेव्हा देशानं आपल्या दूरदूरच्या माणसांना सन्मानानं राजधानीत बोलावलं, ही मोठी गोष्ट होती. पण त्याबरोबर एक समजही देशभर रुजला की नाच ही प्रदेशाची ओळख आहे. तो हंगामाची ओळख असू शकतो, हे बाजूला पडलं. नकाशात त्याला जागा मिळाली आणि पंचांगातली जागा गेली.

यावर जे आक्षेप येतील ते हलके नाहीत. पहिला पैशाचा आणि मानाचा. मे महिन्यात वाजवून पथकाला चार पैसे मिळत असतील तर तुम्ही कोण त्यांना हंगाम शिकवणारे? हे बरोबर आहे. चिंचेखाली बसलेल्या बाबांनी मानधन नाकारावं असं मी कधीही म्हणणार नाही. जव्हारजवळच्या वाळवंडा गावचे तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा कित्येक पिढ्यांच्या श्वासाला देशानं दाद दिली. ज्या समाजाला शेकडो वर्षं जंगली म्हणून हिणवलं गेलं, त्याच्या वाद्याला असा मान मिळणं ही साधी गोष्ट नाही. पण पुरस्कार एका माणसाला मिळतो आणि तारपा एकट्यानं वाजवला तरी नाच होत नाही. त्याच्याभोवती वेटोळं घालणारी चाळीस माणसं त्या रात्री गावात असावी लागतात. ती कुठे असतात, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कोणत्याही अकादमीच्या हातात नाही.

दुसरा आक्षेप चित्राचा, आणि तो मला जास्त बोचतो. वारली चित्रंही मुळात वर्षभर काढली जात नसत. लग्नघरी सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची आणि धवलेरीनं गाणी म्हणत लग्न लावायचं. १९७०च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभलं. चित्र हंगामातून सुटलं आणि मेलं नाही, उलट शेकडो घरांना आधार झालं. मग नाचाबद्दल ही तक्रार का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला दिसणारा फरक असा की कागद प्रवास करतो आणि चित्रकार घरी राहू शकतो. मशे जगभर प्रदर्शनं करूनही गंजाडचे राहिले, त्यांचं शेत, त्यांचं रान त्यांच्या चित्रात येत राहिलं. नाच मात्र पाकिटात घालून पाठवता येत नाही. तो न्यायचा तर माणसं उचलून न्यावी लागतात आणि ज्या रात्री ती मांडवात असतात त्या रात्री ती खळ्यावर नसतात. शिवाय चित्रानंही किंमत मोजलीच आहे. चौक लिहिणारे हात बायांचे होते. कागदावर नाव आलं ते बहुतेक पुरुषांचं. धवलेरीचं गाणं कागदावर उतरलंच नाही. आज विमानतळापासून चहाच्या कपापर्यंत तारप्याचं वेटोळं छापलेलं दिसतं. ते दिसतं याचा आनंद आहे. पण ज्याच्याभोवती ते फिरतं त्याचा आवाज त्यात नाही.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा मोठा आहे, कारण त्यानं माझं स्वतःचं मत बदललं. २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत आले. त्यात सुरगाणा, डहाणू, तलासरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येनं होते आणि त्यांची मुख्य मागणी होती वनजमिनीच्या पट्ट्यांची. त्या मोर्च्यात तारपाही होता. मार्च महिना, म्हणजे तारप्याचे दिवस नव्हेत. माझ्या म्हणण्याप्रमाणे तो वाजायला नको होता. पण तो ऐकताना मला कुठेही खटकलं नाही. तसंच ९ ऑगस्टचं. जागतिक आदिवासी दिन ही तारीख १९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयीच्या कार्यगटाच्या पहिल्या बैठकीवरून आली. शेतीच्या हिशोबानं ते आवणी-बेणणीचे दिवस आहेत. तरीही आज पालघरमध्ये त्या दिवशी रस्ते भरून मिरवणुका निघतात, तारपा वाजतो, पोरं नाचतात. जुनी माणसं कुरकुरतात आणि तरीही येतात.

म्हणजे वेळ मोडली हे दुःख नाही. वेळ कोणी मोडली यावर सारं अवलंबून आहे. मोर्च्यातल्या माणसांनी स्वतः ठरवलं की ही जमिनीची लढाई तारपा वाजवण्याइतकी मोठी आहे. हंगामाचा नियम त्यांचाच होता, तो ओलांडण्याचा हक्कही त्यांचाच. मांडवातल्या बाबांना मात्र कोणी विचारलं नव्हतं. त्यांना तारीख कळवली गेली होती.

आणि हा हक्क काही वारल्यांना वारशानं सुखासुखी मिळालेला नाही. सावकार-जमीनदारांच्या काळात आवणीचे दिवस आले की आधी मालकाच्या शेतावर वेठीनं राबायचं, स्वतःच्या तुकड्यावर उरलेल्या वेळात. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही लग्नगडी म्हणून वर्षानुवर्षं मालकाची होऊन बसत. ज्याचा आषाढ मालकाचा, त्याचा अश्विन त्याचा कसा असणार? १९४५ साली झरी गावी वारली जमले, वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. किसान सभा, शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. ऑक्टोबर, म्हणजे हळवं कापायचे, तारप्याचेच दिवस. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या जागं होण्याची हकीकत आहे. मी ते पुस्तक वाचतो तेव्हा मला त्यात एक गोष्ट सतत दिसते: ते लोक मजुरीसाठी, जमिनीसाठी लढत होतेच, पण आपल्या दिवसांवर आपला ताबा असावा यासाठीही लढत होते.

आज तो ताबा पुन्हा सुटतो आहे, तेही आरडाओरडा न होता. भात पोटापुरतं होत नाही. गणपती झाले की वीटभट्टीचे मुकादम पाड्यांवर फिरू लागतात. सणाला, औषधाला, लग्नाला लागणारे पैसे बयाणा म्हणून हातावर ठेवले जातात, आणि दिवाळी झाली न झाली तोच टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या, लहान पोरं चढवून कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे निघतात. काही पाड्यांवर दिवाळीनंतर म्हातारी माणसं आणि कुत्री एवढीच उरतात. पूर्वी तारप्याचे दिवस संपले की लग्नसराई, मुखवट्यांचा बोहाडा असं वर्ष पुढे सरकायचं. आता त्या दिवसांच्या टोकाला टेम्पो उभा असतो. बयाणा घेतलेल्या माणसाच्या पावलात ती जाण असते. मी हे बघितलं आहे. रात्री नाचताना एक तरणा गडी मधूनच साखळी सोडून बाजूला बसला. विचारलं तर म्हणाला, "परवा निघायचंय, दादा. पाय उचलत नाही."

पोरांचं आणखी वेगळं. आश्रमशाळेतली मुलं जूनमध्ये गावाबाहेर जातात ती दिवाळीच्या सुट्टीत परततात. पेरणी, आवणी, नवं खाणं, तारप्याची सुरुवात, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. मग डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन येतं आणि तीच मुलं ध्वनिमुद्रित तारप्यावर, शिक्षकांनी बसवलेला तारपा नाच करतात. शिक्षक मनापासून मेहनत घेतात. मुलं सुंदर नाचतात. पण ध्वनिमुद्रित तारपा कधी चुकत नाही, थकत नाही, समोरच्याकडे बघून चाल बदलत नाही. ज्या नाचात वाजवणारा नाचणाऱ्यांकडे बघतो आणि नाचणारे वाजवणाऱ्याकडे, त्यातली एक बाजू तिथे आंधळी झालेली असते.

आणि पाऊस. २०१९ साली दिवाळी २७ ऑक्टोबरला होती. त्याच दिवसांत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आलं आणि कोकण, पालघरपासून मराठवाड्यापर्यंत पावसानं हातातली पिकं झोपवली. कापून ठेवलेलं भात पाण्यात तरंगत होतं, उभ्या लोंब्यांना कोंब फुटले होते. खळी ओली. खळं ओलं असेल तर नाचायला जागाच नाही, आणि असती तरी कोण नाचणार? पावसाचं वेळापत्रक असं विस्कटत गेलं तर त्यावर उभ्या असलेल्या नाचाची वेळ कशावर लावायची? याचं उत्तर नाचाच्या प्रशिक्षण शिबिरात सापडणार नाही.

म्हणून कोणी मला विचारलं की तारपा नाच जगवण्यासाठी काय करावं, तर मी आधी जमिनीविषयी बोलतो. २००६च्या वनहक्क कायद्यानं कसत्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य केला. पण कितीतरी घरांना कसत असलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी कमी जमिनीचा पट्टा हातात पडला, कितीतरी दावे लोंबकळत राहिले. ज्याचं शेत पक्कं त्याचा हंगाम पक्का, आणि ज्याचा हंगाम पक्का त्याचा नाच आपोआप येतो. एका बाजूला समुद्रकाठी वाढवण बंदराची पायाभरणी होते, दुसऱ्या बाजूनं महामार्ग आणि रेल्वेसाठी मोजणीचे दगड शेतात रोवले जातात, आणि त्याच जिल्ह्यात तारपा महोत्सवाचे फलक लागतात. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे बोललंच पाहिजे.

सांस्कृतिक कार्यक्रम करणाऱ्यांनाही माझं मागणं आहे. पथकाला बोलवायचं असेल तर आधी विचारा, तुमचे दिवस कोणते? ज्यांना नाच बघायचा आहे त्यांनी अश्विनात गावात जावं, रात्रभर थांबावं, साखळीत हात द्यावा. मानधन द्यायचं तर तिथे, गावाला द्यावं, आणि ते वीटभट्टीच्या बयाण्याला पर्याय ठरेल असं असावं. आश्रमशाळेच्या मुलांना नवं खाण्याच्या दिवशी घरी सोडावं. परीक्षा आठवडाभर पुढे गेल्यानं काही बिघडत नाही, आणि मूल कणसरीला नवं दाखवताना आजीच्या मागे उभं राहिलं तर वर्गात ज्याचा नुसता अर्थ सांगता येतो ते त्याला हातात मिळतं. मे महिन्यात पाहुणे आलेच तर त्यांच्या स्वागताला पानाफुलांचा गुच्छ पुरतो. तारपा घरात आढ्याला टांगलेला आहे, त्याला आता झोपू द्या, असं एखाद्या निवेदकानं सांगितलं तर पाहुण्यांना या समाजाविषयी सात मिनिटांच्या नाचातून कळतं त्यापेक्षा अधिक कळेल.

त्या मेमधल्या कार्यक्रमानंतर पाच महिन्यांनी मी बाबांच्या पाड्यावर गेलो. वाघबारस दोन दिवसांवर होती. जुना तारपा अंगणात सांध्यांतून उघडा पडलेला होता आणि बाबा शेजारी बसून नवा भोपळा कोरत होते. काढलेल्या बिया त्यांनी सुपात पसरून ठेवल्या होत्या, पुढच्या पावसात लावायला. मेणाचा गोळा चुलीजवळ होता, हवा तेवढाच मऊ. दहा-अकरा वर्षांचा नातू ताडाचं पान गुंडाळायला मदत करत होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "आज्या, आज वाजवायचा ना?" बाबा उठले, अंगणाच्या टोकाला गेले, खाली शेताकडे बघितलं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, कापलेल्या भाताच्या पेंढ्या उलटून वाळत घातल्या होत्या. त्यांनी खळ्यावर टाच दाबून बघितली. टाच किंचित रुतली.

"उद्या," ते म्हणाले. "आज अजून ओल आहे."